न अडकलेला कागद

माझ्या पहिल्या नोकरीत माझा खरा वरिष्ठ म्हणजे एक यंत्र होतं. चेष्टा नाही, नेमणुकीच्या पत्रातच तसं लिहिलेलं होतं. सदर पद हे कार्यालयास पुरविण्यात आलेल्या प्रतिलिपी यंत्राच्या कालावधीपुरते राहील, असं काहीतरी ते वाक्य होतं. यंत्र आहे तोवर मी. यंत्र गेलं की मी माझी ट्रंक उचलून धुळ्याला परत.

नव्वदीची सुरुवात होती. मी धुळ्याची, बावीस वर्षांची, टायपिंगच्या दोन परीक्षा पास झालेली आणि त्यामुळे स्वतःला फार शहाणी समजणारी. नोकरी लागली ती पाटबंधाऱ्यांच्या एका लहानशा कार्यालयात, गिरणाकाठच्या एका गावी. जळगावहून एसटीनं दोन तास. निघताना वडिलांनी करारच केला होता. म्हणाले, "दिवाळीपर्यंत कायम झालीस तर दोन वर्षं मी स्थळाचं नाव काढणार नाही. नाही झालीस तर जे पहिलं बरं स्थळ येईल त्याला हो म्हणायचं." मी तेव्हा मान डोलावली. बाहेर पडण्यासाठी मी कशालाही मान डोलावली असती.

यंत्र माझ्यानंतर आठ दिवसांनी आलं. कंपनी कुठली का असेना, आम्ही सगळे त्याला झेरॉक्सच म्हणायचो. तोवर कार्यालयात कार्बन पेपर आणि शाई गळणारं सायक्लोस्टाइल यावर काम चालायचं. पाणीमागणीचे अर्ज, पाणीपाळीची पत्रकं, सगळं त्यावरच. त्यामुळे यंत्राला बघायला कालव्यावरचे पाटकरीसुद्धा आले. त्याच्यासाठी रेकॉर्डच्या खोलीतला एक कोपरा रिकामा केला, खिडकीला पडदा लावला, प्लॅस्टिकचं झाकण शिवून घेतलं. मी आले तेव्हा मला खुर्ची मिळायला तीन दिवस लागले होते.

मार्च अखेरीपर्यंत आमचं दोघांचं बरं चाललं. एप्रिल लागला आणि यंत्र खोटं बोलायला लागलं.

म्हणजे असं व्हायचं. दुपारी मी कागद ठेवायचे, हिरवं बटण दाबायचे. आतून गुर्र आवाज यायचा, आणि कागद बाहेर येण्याऐवजी समोरचा लाल दिवा लागायचा. दिव्याच्या बाजूला वाकड्या झालेल्या कागदाचं चित्र होतं. त्याचा अर्थ कागद आत अडकला आहे, तो काढा. मी पुढचं दार उघडायचे, हिरवी मूठ फिरवायचे, टॉर्च मारून आत डोकं घालायचे. आत कागदाचा कपटासुद्धा नसायचा. दार लावलं की दिवा लागलेलाच. बंद करून पाच मिनिटांनी सुरू करा, दिवा लागलेलाच. कागद झाडून ठेवा, नवा रीम फोडा, ट्रे काढून परत बसवा, दिव्याचं मत बदलायचं नाही. आणि मग चार-साडेचारला तो आपोआप विझायचा आणि यंत्र काही झालंच नाही अशा थाटात कागदावर कागद काढायला लागायचं.

मला वाटायचं, हे मुद्दाम करतंय.

आता आमच्या हेडक्लार्कसाहेबांची ओळख करून द्यायला हवी. माणूस सज्जन, पान खायचे, आवाज कधी चढवायचे नाहीत. पण नोंदवहीवर त्यांची जी श्रद्धा होती ती मी पुढे कुणाची देवावरही पाहिली नाही. यंत्र आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी लाल पट्टीनं अकरा रकाने आखून एक वही तयार केली होती. दिनांक, कागदपत्राचा विषय, प्रतींची संख्या, चालकाची सही, असं सगळं. आणि नववा रकाना होता 'अडकलेला कागद (सोबत जोडणे)'. वाया गेलेल्या प्रत्येक कागदाचा पुरावा त्यांना हवा होता.

पहिल्यांदा दिवा लागला तेव्हा मी त्यांच्याकडे गेले. म्हटलं, "दिवा लागला, पण कागद अडकलेला नाही."

"मग दिवा का लागला?"

"तेच कळत नाही."

"दिवा लागला म्हणजे कागद अडकला. कागद अडकला म्हणजे तो जोडावा लागेल."

"पण अडकलेलाच नाही तर जोडू काय?"

त्यांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं. थोडा विचार केला. "बाई," ते म्हणाले, "रकाना मोकळा राहून चालणार नाही. ऑडिटवाले विचारतील."

मी जागेवर आले. एक कोरा कागद घेतला, दोन्ही हातांनी चांगला चुरगळला, एका कोपऱ्याला फाडला, टोनरची काळी भुकटी बोटानं त्यावर ओढली आणि टाचणीनं वहीला लावला. हेडक्लार्कसाहेबांनी तो बघितला, उलटा करून बघितला आणि समाधानानं सही केली. त्यानंतर रोज दुपारी माझा हाच उद्योग. यंत्र खोटं बोलायचं आणि मी त्याच्या खोट्याला पुरावा तयार करून द्यायची. महिनाभरात माझा हात असा बसला की मी चुरगळलेला कागद खऱ्या अडकलेल्या कागदापेक्षा जास्त अडकलेला दिसायचा. मला त्याचा थोडा अभिमानही वाटायला लागला होता, हे आता कबूल करते.

मेकॅनिक जळगावहून यायचा. काळी बॅग, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. सकाळच्या गाडीनं येऊन अकराला हजर. त्याच्यासमोर यंत्र इतकं शहाण्यासारखं वागायचं की पाहुणे आल्यावर पाढे म्हणून दाखवणारं पोर आठवावं. पन्नास कागद सटासट. तो माझ्याकडे बघून हसायचा, चहा प्यायचा आणि एकच्या गाडीनं परत जायचा. दुपारी दिवा लागायचा. असं तीनदा झालं. चौथ्यांदा त्यानं अहवालात लिहिलं, 'यंत्र सुस्थितीत. चालकास प्रशिक्षणाची गरज.'

मग काय, जो तो कारण सांगायला लागला. हेडक्लार्कसाहेबांच्या मते व्होल्टेज कमी. आमच्या कार्यालयाचे साहेब म्हणाले, मुलींच्या हाताला यंत्र बसत नाही. रविवारी धुळ्याला गेले की मी घरी तेच पुराण लावायची, तर आई एकदा वैतागून अहिराणीत म्हणाली, "बठ्ठा दिन त्या मशीननीच गोट! मशीन शे का जवाई शे?" मला जावई नको होता म्हणूनच तर मशीन हवं होतं, पण हे आईला कोण सांगणार.

कार्यालयात माझी बाजू घेणारा एकच माणूस होता, आमचे शिपाई. त्यांना सगळे नाना म्हणत. ते रावेरकडचे, केळीच्या मुलखातले. नोकरीत यायच्या आधी तरुणपणी त्यांनी रेल्वेच्या वाघिणींत, म्हणजे मालडब्यांत, केळीचे घड भरायचं काम केलं होतं, आणि केळीइतकी जपायची वस्तू जगात दुसरी नाही असं त्यांचं ठाम मत होतं. माणसांतही त्यांना दोनच जाती दिसायच्या, ऊन सोसणारी आणि न सोसणारी. मी दुसऱ्या जातीत. माझ्या टेबलावर पाण्याचा तांब्या ते न सांगता भरून ठेवायचे.

त्यांची बोली माझ्या आईच्या बोलीपासून पार वेगळी. मी केळी म्हटलं की ते केयी म्हणणार. मी त्यांची नक्कल करायची, ते माझी करायचे. मार्चच्या शेवटी, यंत्र अजून धड चालत होतं तेव्हाच, एकदा मी रडकुंडीला येऊन त्यांना म्हटलं होतं, "नाना, हे यंत्र गेलं तर मीही गेले. घरी नेऊन माझं लग्न लावतील." त्यांनी यंत्रावर हात ठेवला. मग म्हणाले, "तापते बिचारी. पार कढत लागते हाताले." मला वाटलं, मी काय सांगतेय आणि ह्यांचं लक्ष कुठं आहे.

मेच्या मध्यावर जळगावच्या मोठ्या कार्यालयातून पत्र आलं. यंत्राबाबत वारंवार तक्रारी येत असल्याने मोठे साहेब सोमवारी समक्ष पाहणी करतील व यंत्र अन्यत्र हलविणे किंवा कसे याचा निर्णय घेतील. पत्राच्या तीन प्रती मलाच काढायच्या होत्या. दुपारची वेळ होती, त्यामुळे निघाल्या नाहीत.

त्या रात्री मी पहिल्यांदा रडायचं सोडून डोकं चालवलं. दुसऱ्या दिवशी ती नोंदवही काढून बसले. अकरा रकान्यांत सगळं होतं, पण दिवा किती वाजता लागला हे नव्हतं. मी एकेक पान आठवून समासात पेन्सिलीनं वेळ लिहीत गेले. अडीच. पावणेतीन. अडीच. सव्वातीन. एकही नोंद सकाळची नाही. दीड महिना मी ह्या यंत्राच्या पोटात डोकं घालून बसले होते, आणि आमचं जेवण झाल्याशिवाय ते बिघडत नाही एवढंही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

दीड ते दोन जेवणाची सुट्टी. सगळे घरी जायचे, मीही माझ्या खोलीवर जायची. कार्यालयात राखण म्हणून फक्त नाना. त्या दिवशी मी छत्री घेऊन बाहेर पडले, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत गेले आणि मागच्या दारानं परत आले.

नाना यंत्रापाशी उभे होते. त्यांनी प्लॅस्टिकचं झाकण नीट घडी करून बाजूला ठेवलं होतं. बादलीत बुडवून पिळलेलं एक बारदान त्यांनी दोन्ही हातांवर धरलं होतं. ते त्यांनी यंत्रावर हळूच पसरलं, कडा सारख्या केल्या, मागच्या झरोक्यांवरून खाली सोडलं. मग माठातल्या पाण्यात हात बुडवून वरून शिंपडलं. आणि शेजारी बसून भाकरी सोडली.

"नाना!" मी ओरडलेच.

ते दचकले नाहीत. "ये माय. जेवली का?"

"हे काय करता तुम्ही?"

"गार ठिवतो. सेहेचाळीस डिगरी ऊन हाये. वाघिनीत केयी भरली का वरून ओलं बारदान टाकाच लागे, नाई तं घड कायाठिक्कर पडे. हिचं बी तसंच." घास चावत ते पुढे म्हणाले, "तूच म्हटली ना, ही गेली तं मी गेली. म्हनून जपतो. दोन वाजता काढून घेतो, कोरड्या फडक्यानं पुसून ठिवतो. रोज."

मी खाली बसले. हसू आणि रडू एकदमच आलं, त्यातलं हसू पुढे निघालं. एप्रिलपासून हा माणूस माझी नोकरी वाचवण्यासाठी रोज दुपारी माझी नोकरी भिजवत होता. बाहेरून तो पुसून घ्यायचा, पण आत ओल राहायची. मी यंत्र सुरू केलं की आतली तापणारी नळी त्या ओलीची वाफ करायची, आणि कागद आला-गेला हे बघणारा जो इवलासा काचेचा डोळा मेकॅनिकनं एकदा मला आत दाखवला होता त्यावर ती वाफ बसायची. त्याला दिसेना झालं की तो कागद अडकल्याची बोंब ठोकायचा. चारपर्यंत वाळला की गप्प. मी नानांना हे समजावून सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी बारदान उचललं आणि त्याची घडी घातली.

"म्हंजे म्याच?" ते म्हणाले.

"जाऊ द्या. आता टाकू नका."

पुढचे चार दिवस लाल दिवा एकदाही लागला नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. मी ठरवलं, कुणाला काही सांगायचं नाही. नानांना निवृत्त व्हायला सहा महिने राहिले होते, सरकारी यंत्रावर पाणी शिंपडलं हे कळलं तर त्यांना त्रास झाला असता. मी नानांना वाचवते आहे असं मी स्वतःला सांगत होते, आणि मला ते फार छान वाटत होतं. पण त्यात एक दुसरी गोष्ट होती. बारदानाचं सांगितलं तर कागद कधी अडकलाच नव्हता हे सांगावं लागलं असतं. मग वहीतले ते तीसपस्तीस चुरगळलेले कागद कुठून आले?

सोमवारी मोठे साहेब आले, सोबत मेकॅनिक. यंत्रानं शंभर कागद काढून दाखवले. साहेबांनी वही मागवली. हेडक्लार्कसाहेबांनी ती दोन्ही हातांनी पुढे केली, इतकी सुबक वही जिल्ह्यात दुसरी नव्हती. साहेब पानं उलटत गेले आणि एकेक टाचलेला कागद वर करून बघत गेले. मेकॅनिकनंही एक कागद हातात घेतला, उजेडाकडे धरला.

"सर, हा तर सरळ चालकाचा दोष आहे," तो म्हणाला. "कागद तिरका घातल्याशिवाय असा चुरगळत नाही. यंत्र ठणठणीत आहे."

"म्हणजे यंत्र हलवायची गरज नाही," मोठे साहेब म्हणाले.

"अजिबात नाही सर. चालक बदला."

 दीड महिना मी माझ्याच हातानं माझ्याविरुद्ध पुरावा तयार केला होता आणि तोही इतका उत्तम. तोंड उघडून खरं सांगायचं तर खोटे कागद जोडल्याचा गुन्हा. गप्प बसायचं तर अडाणी म्हणून घरी. मी गप्प बसले.

नाना पाण्याचे पेले घेऊन दारात उभे होते. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला.

"साहेब," ते म्हणाले, "बाईचा दोष नाई. मशीनवर मी ओलं बारदान टाकत व्हतो. दुपारच्याले. रोज."

खोलीत कुणाला काही कळेना. नानांनी पुन्हा सगळं सांगितलं, ऊन, केयी, वाघीण, सगळं. मेकॅनिक हसायला लागला. मग त्यानं मागचं झाकण उघडलं, आत चिमटा घातला आणि त्याचं हसू थांबलं. चिमट्यात तागाचा एक धागा होता, आणि आतल्या काचेवर आमच्या गावच्या जड पाण्याचे पांढरे ठिपके वाळून बसले होते.

 मोठ्या साहेबांनी वहीवर बोट ठेवलं. "पण मग कागद अडकत नव्हताच. हे कागद कुठले?"

हेडक्लार्कसाहेब खिडकीबाहेर बघायला लागले. 

"ते बी म्याच दिले, साहेब," नाना म्हणाले. "बाई म्हने, अडकलेला कागद काढून द्या. आतमंदी काई सापडे नाई. मंग म्या टोपलीतला चोयामोया झालेला उचलून दे. तिले वाटे खराच हाये. मले काय समजते त्यातलं."

मी नानांना ओळखायला लागल्यापासून ते खोटं बोललेले मी पाहिले नव्हते. पण हे ते असं बोलले की क्षणभर माझाही विश्वास बसला.

मोठे साहेब हसले. गाडीत बसेपर्यंत हसत होते. जाताना त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. चालक बाईंचं काम समाधानकारक आहे, त्यांना कायम करण्याची शिफारस पाठवा. आणि शिपायाला लेखी ताकीद द्या, सेवापुस्तकात नोंद करा. एकतीस वर्षांच्या नोकरीत नानांच्या सेवापुस्तकात लाल शाई लागलेली नव्हती. हे मला हेडक्लार्कसाहेबांनी संध्याकाळी सांगितलं, माझ्याकडे न बघता.

दुसऱ्या दिवशी ताकीद मीच टाइप केली. 'शासकीय यंत्रावर ओले बारदान अंथरणे व चुकीचे कागद पुरवून कार्यालयाची दिशाभूल करणे.' तीन प्रती काढायच्या होत्या. दुपारचे तीन वाजले होते आणि तिन्ही एकदाही न अडता बाहेर आल्या. एक घेऊन मी व्हरांड्यात गेले. नाना बाकावर बसले होते.

"नाना, मी आत्ता जाऊन साहेबांना खरं सांगते," मी म्हटलं. मी ते मनापासून म्हटलं होतं. पण पाय मात्र हलले नव्हते.

त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला आणि डोळ्यांपासून लांब धरला. "आता सांगशीन तं मी खोटा पडीन ना माय," ते म्हणाले. "या वयात खोटा पाडते का मले?"

मला हायसं वाटलं. लाज वाटायला पुढं बरीच वर्षं लागली, त्या दिवशी मात्र नुसतं हायसं वाटलं.

"पेन दे," ते म्हणाले. "सही कुठी करू?"

मी बोट ठेवून जागा दाखवली.